अनियतकालिक आणि डिजिटल प्रकाशन (नाशिक)

ठरलेल्या तारखेला न निघता, मजकूर आणि पैसे जमतील तेव्हा निघणारे, लिहिणाऱ्यांनीच संपादित करून छापलेले व वाटलेले मासिकवजा प्रकाशन म्हणजे अनियतकालिक. संपादक, मुद्रितशोधक आणि पाकिटांवर पत्ते लिहिणारा हा बहुधा एकच माणूस असतो, आणि खर्च पदरमोडीचा असतो. ‘लघुनियतकालिक’ असेही म्हणतात. पण हे अंक आकाराने लहान असण्यापेक्षा वेळेच्या आणि बाजाराच्या बंधनातून सुटलेले आहेत, म्हणून पहिला शब्दच अधिक नेमका वाटतो.

मराठीत ही वाट १९५०च्या दशकात मुंबईत निघालेल्या ‘शब्द’ने दाखवली. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांचा हा अंक सायक्लोस्टाइल केलेला होता. मेणकागदावर टोकदार लेखणीने किंवा फीत काढलेल्या टंकयंत्राने अक्षरे कोरायची, तो कागद शाईच्या रुळावर चढवायचा आणि हाताने फिरवत प्रती काढायच्या. काहीशे प्रती निघाल्या की मेणकागद फाटे. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचे ‘असो’ निघाले आणि त्या दशकात अनियतकालिकांची चळवळच उभी राहिली.

नाशिक हे वाचनाचे आणि छपाईचे जुने गाव. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे. नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयात टपाल तिकिटे छापली जातात, म्हणजे देशभरातल्या कितीतरी अनियतकालिकांच्या पाकिटांवर नाशिकचाच छाप असे. ‘गावकरी’ दैनिक आणि ‘अमृत’ हे डायजेस्ट मासिक इथलेच. कुसुमाग्रजांचे वास्तव्य, दलित लेखक बाबूराव बागुलांचे लेखन यांमुळे प्रस्थापित आणि विद्रोही असे दोन्ही प्रवाह इथे शेजारी वाहत आले. डिसेंबर २०२१ मध्ये ९४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशिकला भरले, आणि त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही याच शहरात झाले.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मुद्रणालये आणि प्रकाशनांच्या नोंदणीच्या १८६७ च्या कायद्यानुसार नियतकालिकाच्या मुद्रक-प्रकाशकाला दंडाधिकाऱ्यासमोर घोषणापत्र करावे लागे. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि नोंदणी ऑनलाइन झाली. नोंदणी नसलेले अंक ‘केवळ खासगी वितरणासाठी’ अशी ओळ छापून निघत आले आहेत.

डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आल्यावर शिशाचे खिळे जुळवणे संपले, पण एक नवा घोळ सुरू झाला. श्री-लिपि, आकृती, शिवाजी, किरण या फाँटांच्या जुन्या पद्धतीत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर कविता उघडली की रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा दिसे. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतप्रणालीमुळे प्रत्येक अक्षराला स्वतःची ओळख मिळाली. तरी जुने अंक त्यात आणणे सोपे नाही. जुन्या फाँटात पहिली वेलांटी व्यंजनाआधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रूपांतर करणारा परिवर्तक (सॉफ्टवेअर) कच्चा असेल तर ‘उपस्थित’चे ‘उपसि्थत’ होते. रफाराचे उलट: तो पूर्वी व्यंजनानंतर टंकला जाई, आता व्यंजनाआधी साठवला जातो. म्हणून रूपांतरित अंकाचे मुद्रितशोधन पुन्हा मुळापासून करावे लागते, आणि ते करणाऱ्या माणसांचे मोल फार मोठे आहे.

डिजिटल अंकाला कागद, प्लेट, बांधणी, टपाल यांचा खर्च नाही. हजारावी प्रत पहिलीइतकीच फुकट पडते. सिन्नर किंवा सटाण्याच्या कवीचा अंक त्याच संध्याकाळी परदेशात वाचला जातो. २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठी ई-पुस्तके आली, तरी अनियतकालिकांचा मुख्य रस्ता व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या पीडीएफचाच राहिला. पीडीएफमध्ये पान जसे मांडले तसे राहते, हे मांडणीवर जीव टाकणाऱ्यांना भावते. मात्र मोबाइलच्या पडद्यावर दोन स्तंभांचे पान वाचताना डोळे शिणतात. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात मजकूर पडद्याच्या मापाने वाहतो, म्हणून निव्वळ गद्यासाठी तोच बरा. कवितेच्या ओळी मात्र त्यात भलतीकडे तुटतात.

खरी काळजी जतनाची आहे. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार छापील प्रकाशनाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना द्याव्या लागतात. ई-अंकाला तशी सक्ती नाही. सायक्लोस्टाइलचा पिवळा पडलेला अंक कुणाच्या तरी माळ्यावर सापडतो, फोनमधली फाइल फोनबरोबर जाते. शिवाय छापील अंकात पहिल्या पानावर गाव, वर्ष आणि संपादकाचे नाव देण्याची जी रीत होती, ती पीडीएफमध्ये अनेकदा सुटते, आणि मग फाइल हाती आली तरी तो अंक नाशिकचा होता हे कळायला मार्ग उरत नाही.