लिनक्सवर सोर्समधून बसवलेल्या प्रोग्रामिंग भाषेचे दोषनिवारण

लिनक्स प्रणालीवर एखादी प्रोग्रामिंग भाषा तयार पॅकेजातून न घेता तिच्या मूळ संहितेवरून, म्हणजे सोर्सवरून, त्याच संगणकावर घडवून बसवली असता जे बिघाड उद्भवतात, त्यांची कारणे शोधण्याच्या व ते दूर करण्याच्या पद्धतीला ही संज्ञा लावली जाते. सोर्सची संपीडित फाइल उलगडणे, ‘कॉन्फिगर’ ही आज्ञावली चालवून संगणकाची पाहणी करणे, ‘मेक’ने घडवणे आणि ‘मेक इन्स्टॉल’ने बसवणे हा या कामाचा रूढ क्रम असून तो वाचकास परिचित आहे असे येथे गृहीत धरले आहे. बिघाड बहुधा ज्या पायरीवर दिसतो तिच्या आधीच्या पायरीवर जन्मलेला असतो, ही या विषयातील मध्यवर्ती गोष्ट होय. कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम केलेल्यांना ती वेगळी सांगावी लागत नाही : कास्टिंगमधली पोकळी लेथवर दिसते, पण तिचे कारण बहुधा साच्याच्या वाळूतल्या ओलाव्यात किंवा ओतकामात सापडते.

संज्ञा : कंपायलर (मूळ संहितेचे यंत्राला चालवता येईल अशा रूपात भाषांतर करणारा प्रोग्राम) या अर्थी ‘संकलक’ आणि त्याच्या क्रियेसाठी ‘संकलन’ हे शब्द मराठी परिभाषेत चालत असले, तरी चित्रपटनिर्मितीची जुनी परंपरा असलेल्या कोल्हापुरात ‘संकलन’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याला आधी चित्रपटाचे संकलन आठवते. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील व राजारामपुरीतील संगणकवर्गांत प्रत्यक्ष बोलण्यात ‘सोर्सवरून टाकणे’, ‘कंपाइल करणे’, ‘एरर आला’, ‘पाथ लागत नाही’ (पाथ म्हणजे आज्ञा जेथे शोधल्या जातात त्या निर्देशिकांची यादी) असेच म्हटले जाते. प्रस्तुत नोंदीत ‘घडवणे’ व ‘बसवणे’ ही क्रियापदे वापरली आहेत, कारण त्या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि त्यांतील भेद पुसला गेला की दोष शोधणाऱ्याची वाट चुकते.

साधनांचा उगम : ‘मेक’ हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत तयार केले, आणि त्याचा काळ सामान्यतः १९७६ धरला जातो. त्यामागची हकिकत दोषनिवारणाच्या दृष्टीने बोधक आहे. फेल्डमन यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी एक संपूर्ण सकाळ अचूक प्रोग्राममधील चूक शोधण्यात घालवली होती. चूक दुरुस्त झालेली होती, परंतु ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. यावर उपाय म्हणून ‘मेक’ प्रत्येक फाइलच्या अखेरच्या बदलाची वेळ पाहून काय पुन्हा घडवायचे ते ठरवते. वेळेवरचा हा विश्वास त्याचे बळ आहे आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, त्याची दुखरी नसही आहे.

‘कॉन्फिगर’ या पायरीचे जनकत्व मात्र एका व्यक्तीकडे देता येत नाही. सध्या सर्वत्र दिसणारे तिचे रूप ऑटोकॉन्फ या साधनातून निघते. डेव्हिड मॅकेन्झी यांनी ते १९९१ च्या जूनच्या सुमारास ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या उपयोजनांसाठी लिहावयास घेतले, अशी खुद्द त्या साधनाच्या पुस्तिकेतील नोंद आहे. परंतु लॅरी वॉल यांची संगणकाला प्रश्न विचारत जाणारी ‘कॉन्फिगर’ आज्ञावली त्याहून जुनी असून पर्ल भाषेच्या १९८७ मधील पहिल्या आवृत्तीबरोबर ती होतीच. त्यामुळे काही लेखक वॉल यांना अग्रमान देतात, तर काही ऑटोकॉन्फपासून सुरुवात करतात. वॉल यांची पद्धत बसवणाऱ्या माणसाशी संवाद साधणारी होती आणि ऑटोकॉन्फची पद्धत माणसाला न विचारता लहान लहान चाचणी-प्रोग्राम कंपाइल करून उत्तर मिळवणारी आहे. आजचे दोष या दुसऱ्या पद्धतीचेच असल्याने दोन्ही परंपरा वेगळ्या मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

सोर्सवरून टाकलेली भाषा सर्वसाधारणपणे ज्या ‘यूएसआर-लोकल’ (/usr/local) निर्देशिकेत जाते तिच्या नावाविषयीही मतभेद आहेत. ‘यूएसआर’ म्हणजे ‘युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस’ असे स्पष्टीकरण अनेक ठिकाणी आढळते. पण सुरुवातीच्या युनिक्समध्ये त्याच ठिकाणी वापरकर्त्यांच्या घर-निर्देशिका होत्या, त्यामुळे ‘यूजर’ या शब्दाचे ते आखूड रूप असावे व विस्तारित अर्थ मागाहून जोडला गेला असावा, हे मत अधिक ग्राह्य दिसते. पहिल्या डिस्कवर जागा न पुरल्याने प्रणालीच्या फाइली दुसऱ्या डिस्कवरील या निर्देशिकेत सरकल्या, अशीही एक हकिकत सांगितली जाते. ‘लोकल’ या उपनिर्देशिकेचा हेतू मात्र निःसंदिग्ध आहे. फाइलरचनेच्या मानकाने, ज्याची पहिली आवृत्ती १९९४ मध्ये व ३.० ही आवृत्ती २०१५ मध्ये आली, ती जागा स्थानिक व्यवस्थापकासाठी राखून ठेवली आहे आणि प्रणालीच्या अद्ययावतीकरणाने तेथील फाइलींना हात लागू नये असे ठरवले आहे. नवे व जुने असे दोन इंटरप्रिटर (भाषेतील प्रोग्राम थेट चालवणारी साधने) एकाच संगणकावर नांदतात ते या विभागणीमुळे, आणि त्यांच्यातील घोटाळेही तिच्यातूनच निघतात.

पहिली चूक व नोंदवही : ‘मेक’ला अनेक कामे समांतर चालवायला सांगितलेले असले की पडद्यावरील शेवटची ओळ क्वचितच मूळ कारण सांगते. ती फक्त काम थांबल्याचे सांगते. म्हणून संदेश फाइलीत साठवून वरून खाली वाचत यावे व ‘एरर’ हा शब्द प्रथम जेथे आढळेल तेथे थांबावे, आणि गरज पडल्यास एकाच कामाने ‘मेक’ पुन्हा चालवावे. ‘कॉन्फिगर’ अडले असता ‘कॉन्फिग डॉट लॉग’ ही फाइल उघडावी. तिच्यात चाचण्यांसाठी दिलेल्या आज्ञा, कंपायलरचे उत्तर आणि फसलेला चाचणी-प्रोग्राम हे शब्दशः असते. ‘सी कंपायलर प्रोग्राम घडवू शकत नाही’ किंवा ‘घडवलेले प्रोग्राम चालवता येत नाहीत’ या पडद्यावरच्या मोघम वाक्यांमागे तेथे अगदी साधी गोष्ट निघते : कंपायलरच बसवलेला नाही, डिस्क भरली आहे, किंवा ज्या विभाजनावर सोर्स उलगडला तेथे प्रोग्राम चालवण्यास मनाई आहे. नवशिक्यांनी ही फाइल उघडण्याची सवय लावून घेतली तर निम्मी शोधाशोध वाचते, असे अनुभवाने आवर्जून सांगावेसे वाटते. ज्यांच्या संगणकाची भाषा मराठी ठेवलेली आहे त्यांनी घडवण्यापुरती ती मूळ ‘सी’ लोकेलवर (इंग्रजी भाषा-मांडणीवर) आणावी, म्हणजे संदेश इंग्रजीत येतात व त्यांचा शोध घेणे सोपे जाते.

घड्याळ आणि वीज : पुढील दोन दोष सामान्य पुस्तिकांत त्रोटक सांगितलेले असतात, परंतु कोल्हापूरसारख्या ठिकाणी, जेथे पावसाळ्यात वीज अवेळी जाते व संगणकवर्गांतील यंत्रे बरीच वर्षे वापरात असतात, तेथे त्यांना अधिक जागा देणे भाग आहे. मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली की संगणक बंद करून सुरू केल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सोर्स उलगडल्यावर त्यातील फाइलींवर मात्र प्रकाशनाच्या दिवसाची तारीख राहते, म्हणून त्या भविष्यातील ठरतात. टार हे साधन फाइल उलगडतानाच तारीख भविष्यातील असल्याचा इशारा देते आणि पुढे ‘मेक’ घड्याळात तफावत आढळली असून बांधणी अपुरी राहू शकते असे कळवते. त्याच घड्याळामुळे जाळ्यावरून पॅकेज आणताना सुरक्षा-प्रमाणपत्र ‘अद्याप वैध नाही’ असाही एरर येतो. विद्यार्थी हे दोन वेगळे बिघाड समजून दोन ठिकाणी शोधत बसतात. वस्तुतः तारीख दुरुस्त करून सोर्स नव्या निर्देशिकेत पुन्हा उलगडणे एवढेच करावयाचे असते, आणि बॅटरी बदलेपर्यंत ते दर वेळी करावे लागते.

दुसरा दोष वीज मध्येच गेल्याचा आहे. कंपायलर ऑब्जेक्ट फाइल (एका सोर्स फाइलीचे यंत्रभाषेतील रूप) लिहीत असताना किंवा लिहिल्यावर लगेच पुरवठा तुटला, तर ती फाइल शून्य आकाराची किंवा अर्धवट राहू शकते. तिची वेळ सोर्स फाइलीपेक्षा नंतरची असल्यामुळे ‘मेक’ तिला पूर्ण झालेली समजते व वगळते. मग जोडणीच्या वेळी, या फाइली एकत्र जोडणारा लिंकर ‘फाइल ओळखता येत नाही, ती तुटलेली आहे’ या अर्थाचा संदेश देतो. अशा वेळी ‘मेक क्लीन’ करून सर्व ऑब्जेक्ट फाइली काढून टाकाव्यात. एकेक फाइल शोधून काढण्यात वेळ वाचत नाही, कारण किती फाइली अर्धवट राहिल्या हे आकारावरून नेहमी कळत नाही. चार गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रावर आठ कामे समांतर लावली असता स्मृती अपुरी पडून कर्नल (प्रणालीचा गाभा) कंपायलरलाच मारून टाकू शकतो. तेव्हा संदेशात ‘किल्ड’ हा शब्द असतो, आणि समांतर कामे कमी केली की बांधणी पार पडते.

पायथनचे उदाहरण : १९९१ मध्ये प्रथम प्रकाशित झालेली पायथन ही भाषा सोर्सवरून टाकणाऱ्यांना हमखास भेटणारा दोष असा, की घडवणे यशस्वी झाल्याचे दिसते, इंटरप्रिटर सुरू होतो, आणि तरीही काही मोड्यूल (भाषेबरोबर येणारे जोडभाग) मिळत नाहीत. याचे कारण पायथनच्या बांधणीत सुरक्षित जोडणी, संपीडन, एसक्यूलाइट हा डेटाबेस किंवा खिडक्या दाखवणारे टीके यांसारखे भाग ऐच्छिक मानलेले आहेत. संबंधित ग्रंथालयाच्या (लायब्ररीच्या, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायच्या तयार संहितेच्या) हेडर फाइली, ज्या त्यात काय आहे हे कंपायलरला सांगतात, सापडल्या नाहीत तर बांधणी थांबत नाही; ती तो भाग गाळते व अखेरीस न मिळालेल्या मोड्यूलांची नावे दोन-तीन ओळींत देते. त्या ओळी वर सरकून जातात. ग्रंथालय संगणकावर आधीच असते, पण ते चालवण्यापुरते. त्यावर घडवण्यासाठी लागणाऱ्या हेडर फाइली वेगळ्या पॅकेजात ठेवलेल्या असतात, ज्याच्या नावाला डेबियन व उबुंटूत ‘डेव्ह’ आणि फेडोरा व रेड हॅट परिवारात ‘डेव्हेल’ हे शेपूट असते. ते पॅकेज टाकल्यावर सोर्स-निर्देशिका साफ करून ‘कॉन्फिगर’पासून पुन्हा सुरुवात करावी. झेडलिब हे संपीडनाचे ग्रंथालय नसेल तर पिप हे पॅकेज उतरवणारे साधन बसवणारा टप्पाच ढासळतो. सुरक्षित जोडणीचे मोड्यूल नसेल तर पिप बसते, पण काहीच उतरवू शकत नाही.

या शेवटच्या दोषाला २०२१ पासून एक नवे वळण मिळाले. पायथन ३.१० ने सुरक्षित जोडणीच्या ओपनएसएसएल या ग्रंथालयाची १.१.१ किंवा त्यापुढील आवृत्ती अनिवार्य केली, तर सेंटओएस ७ या रेड हॅट परिवारातील प्रणालीबरोबर जास्तीत जास्त १.०.२ ही आवृत्ती येत होती. त्या प्रणालीचा आधारकाळ ३० जून २०२४ रोजी संपला असला तरी हिशेब किंवा यंत्रांच्या नोंदी ठेवणारे असे सर्व्हर उद्यमनगर व गोकुळ शिरगाव या कोल्हापूरच्या औद्योगिक परिसरांत अजून दिसतात. तेथे डेव्हेल पॅकेज टाकूनही मोड्यूल येत नाही, कारण हेडर जुन्या आवृत्तीचे असतात. नवे ओपनएसएसएल वेगळ्या निर्देशिकेत घडवून ‘कॉन्फिगर’ला तिचा पत्ता द्यावा लागतो व चालतेवेळीही ते ग्रंथालय सापडेल अशी तजवीज करावी लागते. जुने ओपनएसएसएल उपटून नवे त्याच जागी टाकण्याचा मार्ग काही जण सुचवतात. तो पूर्णतः टाळावा, कारण दूरस्थ प्रवेशासह इतर अनेक सेवा त्या जुन्यावर उभ्या असतात.

सामायिक ग्रंथालये : भाषा सामायिक ग्रंथालयासह घडवली असेल तर बसवल्यानंतर लगेच ‘सामायिक ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही’ असा एरर येतो, जरी ती फाइल ‘यूएसआर-लोकल’मध्ये डोळ्यांना दिसत असली तरीही. प्रोग्राम सुरू होताना ग्रंथालये लावणारा लोडर ती एका साठवलेल्या यादीवरून शोधतो व ती यादी ‘एलडीकॉन्फिग’ चालवल्याशिवाय नवी होत नाही. रेड हॅट परिवारात तर ही निर्देशिका शोधमार्गात मुळातच नसते, ती नोंदवावी लागते. याहून फसवा प्रकार म्हणजे एरर न येता चुकीचे ग्रंथालय लागणे. एकाच शाखेतील दोन पायथनांच्या ग्रंथालयाचे नाव एकच असल्याने नवा इंटरप्रिटर प्रणालीचे जुने ग्रंथालय उचलतो व जुनीच आवृत्ती सांगतो. ‘एलडीडी’ ही आज्ञा कोणती फाइल खरोखर लागली ते दाखवते, आणि अशा वेळी तीच पहिली चालवावी.

नावांची गल्लत : नवी भाषा टाकूनही जुनीच चालते याची कारणे तीन आढळतात. शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) एकदा सापडलेल्या आज्ञेचा पत्ता लक्षात ठेवतो, म्हणून ‘हॅश’ रिकामा करावा किंवा नवा टर्मिनल उघडावा; पाथमध्ये निर्देशिकांचा क्रम उलटा असू शकतो; आणि व्यवस्थापकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणाऱ्या ‘सुडो’चा पाथ वेगळा असल्याने स्वतःच्या नावाने चालणारी आज्ञा त्याच्यासह सापडत नाही. यांवर चिडून प्रणालीच्या पायथनचा दुवाच नव्याकडे वळवण्याचा मोह होतो. तसे केल्यास सेंटओएस ७ वर यम हे पॅकेज-साधन चालेनासे होते, कारण ते पायथन २ मध्ये लिहिलेले आहे, तर उबुंटूवर पॅकेज-व्यवस्थेची साधने आपले मोड्यूल सापडत नसल्याची तक्रार करतात. म्हणूनच ‘मेक इन्स्टॉल’ऐवजी ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ वापरावे. त्यात आवृत्तीसह पूर्ण नावच बसते व ‘पायथन३’ हे सर्वसाधारण नाव मोकळे राहते.

अन्य भाषा : रूबी ३.० व त्यापूर्वीच्या आवृत्त्या ओपनएसएसएल ३ वर घडत नाहीत, त्यामुळे उबुंटू २२.०४ वर त्यांची गत वर सांगितल्याच्या उलट होते : ग्रंथालय जुने नसून जास्त नवे असते. गो ही भाषा २०१५ मधील १.५ आवृत्तीपासून गोमध्येच लिहिलेली असल्याने ती घडवण्यास आधीचे गो लागते, आणि रस्टचेही तसेच आहे.

काढून टाकणे : पायथनच्या बांधणीत बसवलेले काढण्याची आज्ञा नाही. फाइली ‘यूएसआर-लोकल’च्या अनेक उपनिर्देशिकांत विखुरलेल्या असतात व त्या हाताने वेचाव्या लागतात. ‘कॉन्फिगर’ला सुरुवातीलाच ‘ऑप्ट’खालील स्वतंत्र निर्देशिकेचा पत्ता दिलेला असेल, तर तेवढी एक निर्देशिका पुसली की काम होते.