मेमरीचा आलेख आपोआप का येत नाही?

क्लाउडवर सर्व्हर सुरू केला की सीपीयू आणि नेटवर्कचे आलेख लगेच दिसू लागतात. मेमरीचा आलेख मात्र बऱ्याच ठिकाणी स्वतः जोडावा लागतो.

अॅमेझॉनने २००६ साली ईसी२ ही भाड्याने सर्व्हर देणारी सेवा सुरू केली, तेव्हा तिच्याखाली झेन हा हायपरव्हायझर, म्हणजे एका खऱ्या यंत्रावर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, होता. अशा आभासी, म्हणजे पाहुण्या मशीनने सीपीयू किती वेळ वापरला, नेटवर्कवरून किती बाइट गेले, हे हायपरव्हायझरला मोजता येतं, कारण ती सगळी ये-जा त्याच्या हातून होते. मेमरीचं तसं नाही. चार जीबी एकदा देऊन टाकले की त्यातले किती प्रोसेसनी (चालू प्रोग्रॅमनी) धरलेत आणि किती कॅशेत, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून जपलेल्या डेटात आहेत, हे फक्त आतल्या कर्नललाच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यालाच, ठाऊक असतं. म्हणून २००९ साली क्लाउडवॉच ही अॅमेझॉनची देखरेख सेवा आली ती मेमरीविनाच. पुष्कळांना ही कंपनीची हयगय वाटते. मला ती योग्य मर्यादा वाटते: ग्राहकाच्या मशीनच्या आत डोकवायचं तर ग्राहकानेच दार उघडायला हवं.

ते दार २०११ साली उघडलं. क्लाउडवॉचला स्वतःची मेट्रिक (मोजमापं) पाठवायची सोय झाली आणि पुढे अॅमेझॉनच्या, पर्ल भाषेतल्या तयार स्क्रिप्टही मिळाल्या. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये एक ओळ टाकायची. दर पाच मिनिटांनी स्क्रिप्ट 'प्रॉक'खालची 'मेमइन्फो' ही लिनक्सची मेमरीचा हिशेब देणारी फाइल वाचून आकडा वर पाठवायची.

पण कोणता आकडा? खरी गुंतागुंत इथे होती. चार जीबीच्या सर्व्हरवर 'फ्री' कमांड जेमतेम दीडशे एमबी मोकळे दाखवते, अलार्म वाजतो, आणि बघावं तर अडीच जीबी नुसती फाइलींची कॅशे असते, जी लिनक्स गरज पडताच सोडून देतो. मग लोक मोकळ्या मेमरीत बफर (डिस्कच्या कामासाठी राखलेली मेमरी) आणि कॅशे मिळवू लागले. त्या पर्ल स्क्रिप्टही आपणहून तसंच धरायच्या. तेही पुरतं बरोबर नव्हतं. शेअर्ड मेमरी (अनेक प्रोसेसची सामाईक मेमरी) आणि टीएमपीएफएस (मेमरीतच ठेवलेल्या फाइली) कॅशेतच मोजले जातात, पण कर्नलला ते नुसते टाकून देता येत नाहीत. पोस्टग्रेससारखा डेटाबेस असला की हा फरक मोठा होतो आणि चूक उलट्या बाजूने होते: मेमरी संपत आलेली असते, पण आलेख निवांत दिसतो.

हा हिशेब कर्नलनेच करावा, या विचाराने लिनक्स कर्नलचे विकसक रिक व्हॅन रील यांनी 'मेमअव्हेलेबल' ही ओळ आणली. २०१४ च्या लिनक्स ३.१४ पासून ती 'मेमइन्फो'त आहे. स्वॅपिंग (मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवणं) सुरू न होता नव्या कामाला किती मेमरी मिळेल, याचा तो अंदाज. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत उपयोगी बदल हाच.

२०१७ च्या अखेरीस क्लाउडवॉचचा एकत्रित एजंट, म्हणजे मशीनच्या आत चालून मोजमापं पाठवणारा प्रोग्रॅम, आला आणि पर्ल स्क्रिप्ट मागे पडल्या. एजंट वापरलेल्या आणि उपलब्ध मेमरीची टक्केवारी वेगवेगळी पाठवू शकतो. अलार्म उपलब्ध मेमरीवर लावलेला बरा. लिनक्स ४.२० मध्ये, २०१८ च्या शेवटी, पीएसआय (प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन) हे मोजमापही आलं. मेमरीसाठी प्रोसेस किती वेळ खोळंबल्या, हे ते थेट सांगतं.