गाड्या मोजणारे आणि हवा मोजणारे एका खांबावर कसे आले?

मोठ्या शहरांतल्या चौकांत आता सिग्नलच्या एकाच खांबावर गाड्या मोजणारा कॅमेरा आणि हवेतले कण मोजणारी छोटी डबी दिसू लागली आहे. गाड्यांची मोजणी सुरू झाली ती सिग्नल वेळेवर बदलावा म्हणून. हवेच्या मोजणीला धुराच्या तक्रारींनी सुरुवात करून दिली आणि मृत्यूंनी वेग दिला. कित्येक दशके या दोन्ही कामांचा एकमेकांशी फारसा संबंधच नव्हता.

१९२८ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये चार्ल्स ॲडलर यांनी आवाजावर चालणारा सिग्नल बसवला. आडरस्त्यावरून आलेल्या चालकाने थांबून हॉर्न वाजवायचा, खांबावरचा मायक्रोफोन तो टिपणार आणि दिवा हिरवा होणार. पुढे चाकांचा दाब ओळखणाऱ्या पट्ट्या आणि रबरी नळ्या आल्या. १९६०च्या दशकात आलेली तारेची वेटोळी मात्र आजही जगभर डांबराखाली काम करत आहेत. रस्त्यात खाच पाडून तारेचे काही वेढे बसवतात आणि त्यांतून विद्युतप्रवाह खेळवतात. वर गाडीचा धातू आला की वेटोळ्याचे प्रेरकत्व, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा त्याचा विरोध, घटते, आणि रस्त्याकडेच्या खोक्यातल्या यंत्राला कळते की कोणीतरी आले. १९६३ मध्ये टोरांटोने सिग्नल संगणकाला जोडले. नंतर सिडनीतील आणि ब्रिटनमधील यंत्रणा गाड्यांची वर्दळ पाहून हिरव्या दिव्याची वेळ आपोआप बदलू लागल्या. एवढ्या सगळ्या माहितीत गाडीच्या नळकांड्यातून काय बाहेर पडते, हा प्रश्न कुठेच नव्हता.

हवेच्या बाजूला कलाटणी मिळाली डिसेंबर १९५२ मध्ये. लंडनवर पाच दिवस धुरके साचले आणि सुरुवातीच्या अंदाजानुसारच सुमारे ४,००० माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा १२,००० पर्यंत नेला. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि १९६१ मध्ये ब्रिटनने देशव्यापी मोजणी सुरू केली. पद्धत अगदी साधी होती. पंपाने ओढलेली हवा पांढऱ्या गाळणकागदातून न्यायची, मग हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटलीतून. कागदावरचा डाग किती काळा पडला त्यावरून काजळी ठरायची, द्रावण किती आम्ल झाले त्यावरून सल्फर डायऑक्साइड.

पण हाती यायचा तो चोवीस तासांचा एक आकडा. सकाळची गर्दी आणि मध्यरात्रीची शांतता त्यात एकजीव होऊन जायची. शत्रू घराघरांतल्या चुलाण्यांचा कोळसा होता तोवर यात काही अडले नाही. एकीकडे सेकंदासेकंदाला गाडी मोजणारी तार, दुसरीकडे दिवसाला एक डाग: या दोन नोंदी शेजारी ठेवून काहीच सिद्ध करता आले नसते.

गाडी आणि हवा यांचे नाते पक्के केले ते लॉस एंजेलिसने. तिथल्या डोळे झोंबवणाऱ्या धुरक्याला लंडनसारखा कोळसा जबाबदार नव्हता. रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की वाहने आणि तेलउद्योगातून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. ओझोन मोजायला त्यांनी वाकवलेल्या रबराच्या पट्ट्याही वापरल्या: रबराला जितक्या लवकर चिरा, तितका ओझोन जास्त. ऊन आले म्हणजे तास महत्त्वाचा झाला. १९७०च्या दशकात नायट्रिक ऑक्साइडची ओझोनशी अभिक्रिया घडवून निघणारा प्रकाश मोजणारी यंत्रे आली आणि दिवसभर सलग आकडे मिळू लागले.

ही यंत्रे महाग. त्यांना वातानुकूलित खोली लागते, ठरावीक काळाने प्रमाणित वायू सोडून तपासणी लागते. म्हणून एका शहरात मोजकीच केंद्रे. मग केंद्र बागेत ठेवायचे की रस्त्याच्या कडेला? माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत वजनदार निर्णय हाच आहे, कारण शहराची हवा कागदावर चांगली की वाईट, ते बरेचसे तिथेच ठरते.

गाड्यांची नुसती संख्याही पुरत नाही. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ डोनाल्ड स्टेडमन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस रस्त्यावर आडवा अवरक्त किरण सोडून धावत्या गाड्यांचा धूर तपासला. साधारण दहा टक्के गाड्यांमधूनच निम्म्याच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडत होता. म्हणजे हजार गाड्या गेल्या एवढे कळून भागत नाही, कोणत्या गेल्या तेही कळावे लागते. आज नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे इंधन आणि वय शोधून ती उणीव काही अंशी भरतात. मोबाइलच्या जीपीएसवरून मात्र फक्त वेग समजतो.

गेल्या दशकात लेझरच्या विखुरण्यावरून कण मोजणारे स्वस्त सेन्सर आले. २०१५ मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये नागरिकांनी ते स्वतः जोडून खिडक्यांबाहेर लावले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या ओकलंडच्या गल्ल्यांतून उपकरणे बसवलेल्या गाड्या फिरल्या. एकाच गल्लीच्या लांबीत प्रदूषण पाच ते आठ पटींपर्यंत बदलू शकते, असे त्या मोजणीतून २०१७ मध्ये पुढे आले. शहराला एकच आकडा देण्याच्या सवयीला याहून मोठा धक्का क्वचितच बसला असेल.

स्वस्त सेन्सरच्या खोडी मात्र ठाऊक असाव्यात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा खोटाच चढतो. नायट्रोजन डायऑक्साइडचे विद्युत-रासायनिक सेन्सर ओझोनलाही प्रतिसाद देतात. म्हणून ते आधी प्रमाणित केंद्राशेजारी काही आठवडे ठेवून दुरुस्तीचे सूत्र काढावे लागते.

रस्त्याचा वाटा वेगळा काढायला रस्त्याकडेच्या आकड्यातून वर्दळीपासून दूर असलेल्या केंद्राचा आकडा वजा करतात, वारा आणि पावसाचा हिशेबही धरतात. २०२० च्या टाळेबंदीत या पद्धतीची जगभर परीक्षा झाली. वाहतूक थांबताच नायट्रोजन डायऑक्साइड स्पष्टपणे खाली आला; पीएम २.५ (अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण) अनेक ठिकाणी तेवढा उतरला नाही, कारण त्याचा बराच भाग दुरून आणि इतर स्रोतांतून येतो, आणि काही शहरांत ओझोन उलट वाढला.