सुई खाली का झुकते?

राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या सड्यावर एक कातळशिल्प आहे. तिथे होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंनी त्याला ‘अद्भुत शक्ती’ चिकटवून टाकली आहे. जांभ्यात लोहाची ऑक्साइडं भरपूर, त्यांतली काही चुंबकीय. उघड्या कातळावर वीज कोसळली तर तेवढा दगड चांगलाच चुंबकित होतो. सुई भरकटायला दैवी हात लागत नाही. खरं तर दगडही लागत नाही. भलत्या देशासाठी तोललेलं होकायंत्र सपाट वाळूतही फसवतं.

सुई उत्तर-दक्षिण स्थिरावते, एवढंच शाळेत शिकवतात. पण पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा जमिनीला समांतर नसतात. उत्तर गोलार्धात त्या तिरप्या जमिनीत शिरतात. त्यामुळे मोकळी सुई उत्तरेकडे वळते तशीच नाकही खाली घालते. या कलाला नती म्हणतात. लंडनला ती सुमारे 66 अंश, अलिबागला 25च्या आसपास, आणि भारताच्या दक्षिण टोकाकडे जाताना शून्याजवळ. लंडनच्या रॉबर्ट नॉर्मन या उपकरणं बनवणाऱ्या कारागिरानं 1581 मध्ये हे छापून प्रसिद्ध केलं. त्यानं नीट तोललेली सुई चुंबकित केली की तिचं उत्तर टोक खाली जायचं. तोल साधायला तो दक्षिण टोकाला मेणाचा तुकडा लावायचा.

आता कारखाने दक्षिण टोकाला जास्तीचं वजन देतात. ते किती, हे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या उभ्या घटकावर, म्हणजे सुईला खाली ओढणाऱ्या भागावर ठरतं. हा घटक लंडनला अलिबागच्या दुपटीहून जास्त. म्हणजे तिकडचं वजन इकडे जड पडतं, दक्षिण टोक खाली जातं, तळाला घासतं आणि सुई भलतीकडेच अडकून बसते. गंमत अशी की सुईला वळवणारा आडवा घटक मात्र आपल्याकडे लंडनच्या जवळपास दुप्पट! नीट तोललेली सुई कोकणात युरोपपेक्षा चपळ फिरायला हवी.

म्हणून घेताना पहिला प्रश्न: सुई जगाच्या कुठल्या पट्ट्यासाठी तोललेली आहे? ‘ग्लोबल’ प्रकारात चुंबक आणि काटा वेगळे जोडलेले असल्यानं नतीचा त्रास फारसा होत नाही. महाग असतं, पण मी तेच सुचवीन. दुकानात दोन होकायंत्रं शेजारी ठेवून तुलना करू नका, ती एकमेकांना ओढतात. किल्ली जवळ नेऊन सुई हलवा, किल्ली दूर करा; सुई दर वेळी त्याच खुणेवर परतली पाहिजे. आतल्या द्रवात मोठा बुडबुडा असेल तर नकोच.

लोखंड आणि विजेचे प्रवाह यांचा धाक मोठ्या उपकरणांनाही असतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं चुंबकीय मोजमाप अलिबागला हलवलं गेलं. तिथली वेधशाळा 1904 पासून चालू आहे. आणि आपले वास्तुतज्ज्ञ सळयांच्या स्लॅबवर मोबाइल ठेवून स्वयंपाकघराची दिशा ठरवतात!

कोकणात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम अंशभराचा फरक आहे. त्यामुळे पावसाळा सरला की रात्री पुळणीवर, गाडी आणि होड्यांपासून लांब, सुई ध्रुवताऱ्याशी ताडून पाहा. तो क्षितिजावर साधारण 16 ते 20 अंश उंच सापडेल. चार-पाच अंशांची तफावत दिसली तर आधी खिशातला मोबाइल दूर ठेवून पुन्हा बघा. तरीही तेवढीच राहिली, तर होकायंत्र दुकानदाराला परत करा.