अधांतरी उभा ड्रोन आणि चुकणारे होकायंत्र

कॅमेरा ड्रोनच्या जाहिरातींमध्ये एक दृश्य हमखास असते. उडवणारा रिमोटवरचे दोन्ही अंगठे उचलतो आणि ड्रोन वाऱ्यातही जागचा हलत नाही. ते पाहून पहिला ड्रोन घेणाऱ्या अनेकांचा असा समज होतो की या यंत्राला जीपीएसने वरच्या वर धरून ठेवलेले असते आणि उपग्रह सापडले की माणसाने करण्यासारखे फारसे काही उरत नाही. या समजाचा पहिला भाग चुकीचा आहे आणि दुसरा धोक्याचा.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांच्या संदेशांवरून ड्रोनला आपले स्थान सेकंदातून काही वेळाच कळते आणि त्यातही काही मीटरची चूक असू शकते. चार पंख्यांचा सांगाडा मात्र स्वभावतःच अस्थिर असतो. एका पंख्याचा जोर किंचित कमी पडला, तर जीपीएसकडून पुढची खबर येण्याआधीच तो कलंडू लागतो. त्याला तोलून धरण्याचे काम त्याच्या पोटातली एक चिमुकली चिप करते.

चार पंख्यांपैकी समोरासमोरच्या कोपऱ्यांवरचे दोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि उरलेले दोन उलट दिशेने, त्यामुळे सांगाड्याला गरगर फिरवू पाहणारी आघूर्णे (पीळ देणारे जोर) एकमेकांना रद्द करतात. ड्रोन पुढे न्यायचा असेल तर मागच्या दोन पंख्यांचा वेग वाढवून त्याला पुढे झुकवतात. जागच्या जागी वळवायचा असेल तर एका जोडीचा वेग वाढवून दुसरीचा तेवढाच कमी करतात. सुकाणू नाही, हलती झडप नाही. सारा कारभार चार मोटरींच्या वेगावर चालतो. म्हणूनच सांगाडा या क्षणी कोणत्या दिशेने किती वेगाने कलतो आहे, हे सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा मोजावे लागते.

हे काम त्या चिमुकल्या चिपमधला जायरोस्कोप, म्हणजे वळण्याचा वेग मोजणारा संवेदक, करतो. जुन्या जायरोस्कोपसारखी फिरणारी चकती त्यात नसते. सिलिकॉनमध्ये कोरलेले एक सूक्ष्म वस्तुमान तिथे सेकंदाला हजारो वेळा पुढेमागे थरथरत असते. चिप वळली की या थरथरत्या वस्तुमानावर, त्याच्या हालचालीला काटकोनात, एक बल लागल्यासारखे दिसते. ते कोरिऑलिस बल. गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस या फ्रेंच अभियंत्याने त्याचे गणित 1835 मध्ये मांडले. वस्तुमान त्यामुळे किंचित बाजूला सरकते, शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युत धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि त्या बदलावरून वळण्याचा वेग कळतो. घरातल्या माशीकडे ही युक्ती आधीपासूनच आहे. तिच्या मागच्या पंखांच्या जोडीऐवजी टोकाला गाठ असलेले दोन बारीक दांडे असतात. उडताना ते पंखांबरोबर वरखाली थरथरतात आणि माशी वळली की त्यांच्यावर पडणारा आडवा ताण बुडाशी असलेल्या संवेदी पेशींना जाणवतो. हे दांडे काढून टाकले तर पंख शाबूत असूनही तिला धड उडता येत नाही.

जायरोस्कोपचा एक दोष मात्र असा की त्याच्या बारीकसारीक चुका साठत जातात आणि काही वेळाने त्याला तिरपे तेच सपाट वाटू लागते. त्वरण मोजणारा संवेदक गुरुत्वाकर्षणावरून ‘खाली’ कुठे आहे ते सांगतो, पण मोटरींच्या कंपनाने आणि वेगातल्या चढउतारांनी तो गोंधळतो. घाईच्या निर्णयासाठी पहिल्यावर आणि दीर्घकाळच्या हिशेबासाठी दुसऱ्यावर भरवसा ठेवणे, हे ड्रोनमधल्या संगणकाचे मुख्य काम. उंचीसाठी वायुदाबमापक असतो. समुद्रसपाटीजवळ दर मीटरला हवेचा दाब सुमारे 12 पास्कलने घटतो, म्हणजे एकूण दाबाच्या आठ हजारांतला एक भाग, आणि तेवढा फरक हा संवेदक सहज ओळखतो. जमिनीजवळ पोटाखालचा कॅमेराही मदतीला येतो. खालच्या पृष्ठभागावरचे ठिपके आणि रेषा कोणत्या बाजूला सरकल्या, यावरून ड्रोन आपले वाहून जाणे ओळखतो. संथ पाण्यावर, एकरंगी फरशीवर किंवा अंधारात हा कॅमेरा निरुपयोगी ठरतो.

आता जीपीएसकडे वळू, कारण खरी गंमत इथे आहे. ड्रोनला कळले की आपण ठरल्या जागेपासून दोन मीटर दक्षिणेला वाहून गेलो आहोत. त्याने उत्तरेकडे सरकायला हवे. पण उत्तर म्हणजे त्याच्या स्वतःच्या अंगाने पुढे, मागे की डावीकडे? नाक कोणत्या दिशेला आहे ते जीपीएस सांगत नाही. त्यासाठी होकायंत्र लागते. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र अवघे 25 ते 65 मायक्रोटेस्ला इतके क्षीण असल्यामुळे जवळची मोटार, लोखंडी झाकण किंवा काँक्रीटमधल्या सळ्या त्याची दिशा सहज बिघडवतात.

समजा होकायंत्र 30 अंशांनी चुकले आहे. मग ड्रोनचा प्रत्येक धक्का 30 अंशांनी तिरपा बसतो. त्यातला सुमारे 87 टक्के जोर केंद्राकडे, म्हणजे ठरल्या जागेकडे, जातो आणि 50 टक्के आडवा (काटकोनातले जोर साध्या बेरजेने जुळत नाहीत, म्हणून एकूण शंभरावर जाते). चूक 60 अंशांची झाली की हे प्रमाण बरोबर उलटते. 90 अंशांवर केंद्राकडे काहीच उरत नाही, सगळा जोर स्पर्शरेषेच्या दिशेने लागतो आणि ड्रोन घिरट्या घालू लागतो. त्याहून मोठ्या चुकीत प्रत्येक दुरुस्ती त्याला आणखी दूर ढकलते. दूर गेला की संगणक अधिक जोराने दुरुस्ती करतो आणि ती पुन्हा चुकीच्या दिशेने बसते. प्रत्यक्षात 90 अंशांपर्यंत थांबावेही लागत नाही. ड्रोनला जडत्व असल्यामुळे तो केंद्रापाशी थांबण्यासाठी ब्रेकही लावतो, आणि तो ब्रेकही तितकाच तिरपा बसत असल्याने वर्तुळ घटण्याऐवजी हळूहळू मोठे होत जाते. ड्रोन उडवणाऱ्यांच्या बोलीत याला ‘टॉयलेट बोल’ (शौचालयाचे भांडे) म्हणतात. अलीकडचे ड्रोन होकायंत्राची जायरोस्कोपशी आणि जीपीएसच्या वेगाशी सतत पडताळणी करून वेळीच इशारा देतात, पण तो इशारा वाचायला उडवणारा जागा असावा लागतो.

म्हणून पहिली सवय अशी लावून घ्यावी. उड्डाण मोकळ्या मातीवरून किंवा गवतावरून करावे, गच्चीवरून किंवा मोटारीच्या टपावरून नव्हे. परतीचे ठिकाण नोंदले गेल्याची खात्री झाल्यावर ड्रोन दोन-तीन मीटरवर अर्धा मिनिट नुसता उभा ठेवावा. तो गोल फिरू लागला तर तत्काळ उतरवावा. याउलट प्रत्येक उड्डाणाआधी ड्रोन हातात धरून गोल-गोल फिरवण्याचा, म्हणजे होकायंत्र जुळवून घेण्याचा (कॅलिब्रेशनचा), जो विधी काही जण भक्तिभावाने पार पाडतात, त्याला आधार नाही. ॲपने मागितले तरच कॅलिब्रेशन करावे, नाहीतर लोखंडाजवळ केलेल्या कॅलिब्रेशनने चांगल्या होकायंत्राला चुकीचे धडे मिळतात. सौर वादळाच्या तीव्रतेचा आकडा पाहून उड्डाण रद्द करणाऱ्यांचेही तेच. मोठ्या वादळात पृथ्वीचे चुंबकक्षेत्र काही शे नॅनोटेस्लांनी, म्हणजे एका मायक्रोटेस्लाच्या काही दशांशांनी, हलते. ध्रुवीय प्रदेश सोडले तर होकायंत्राची त्यातून होणारी चूक साधारण एखाद्या अंशाची असते. पायाखालच्या सळ्या तिच्या कित्येक पट चूक घडवतात. जीपीएसवर वादळाचा काही परिणाम होतो, हे मात्र खरे.

वाऱ्याचा हिशेब तर अनेक जण करतच नाहीत. ड्रोनचा हवेतला वेग सेकंदाला 10 मीटर आणि वारा 7 मीटर असेल, तर वाऱ्याबरोबर तो सेकंदाला 17 मीटर धावतो आणि एक किलोमीटर एका मिनिटात गाठतो. परतताना त्याच्याकडे उरतात सेकंदाला 3 मीटर, आणि त्याच किलोमीटरला साडेपाच मिनिटे लागतात. वर वारा खालच्यापेक्षा जोरदार असतो, हे वेगळेच. त्यामुळे आधी वाऱ्याच्या विरुद्ध जावे आणि बॅटरी पाव उरण्याआधी ड्रोन जमिनीवर असावा. थंडीत तर आणखी राखून ठेवावे, कारण लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध थंडीत वाढतो आणि जोर लावताच व्होल्टेज धाडकन कोसळते. फुगलेली बॅटरी वापरू नये. उतरताना सरळ खाली वेगाने येऊ नये. पंख्यांनीच खाली ढकललेल्या खळबळत्या हवेत ड्रोन शिरतो आणि डगमगतो. थोडे पुढे सरकत उतरले की ही अडचण राहत नाही.

खरेदीविषयी एवढेच सांगतो की 250 ग्रॅमपेक्षा हलक्या ड्रोनना अनेक देशांत नियम सौम्य असतात, पण सौम्य म्हणजे नाहीत असे नव्हे. अडथळे ओळखणारी यंत्रणा बहुतेक ड्रोनमध्ये स्पोर्ट मोडमध्ये, म्हणजे वेगवान उड्डाणाच्या पर्यायात, बंद होते, हे उडवण्याआधी माहीत असावे. ड्रोनचे नाक आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटे होते. हे अंगवळणी पडेपर्यंत सिम्युलेटरवर सराव करावा.

चित्रीकरणाचा मोह सुरुवातीला आवरावा आणि आवरला नाही तर निदान ड्रोन सावकाश वळवावा. सेकंदाला 25 चौकटी टिपणारा, आडवा 75 अंश पाहणारा कॅमेरा सेकंदाला 30 अंश वळला, तर प्रत्येक चौकटीत दृश्य 1.2 अंश सरकते. आडव्या 3840 पिक्सेलच्या चित्रात ही उडी सुमारे 60 पिक्सेलची होते आणि डोळ्यांना ती झटक्यांसारखी जाणवते. वळण्याचा वेग 5 अंशांवर आणला की उडी 10 पिक्सेलवर येते. बहुतेक ॲपच्या सेटिंगमध्ये हा वेग कमी करून ठेवता येतो.