जळका वूफर तसाच बसवला म्हणजे पॅसिव्ह रेडिएटर होत नाही

जळका वूफर (स्पीकरमधला बेस वाजवणारा मोठा भाग) आणि पॅसिव्ह रेडिएटर (बेस वाढवायला बॉक्सवर लावायचा, वायर न जोडलेला कोन) बाहेरून बघितलं तर दोन्ही सेम. तोच कोन, म्हणजे हलणारा शंकूसारखा पडदा, तीच रबर रिंग, कडेला स्क्रू आणि वायर कुठेच जोडलेली नाही. त्यामुळे घरी स्पीकर करणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की कॉइल (कोनामागचं, मॅग्नेटमध्ये बसणारं तारेचं वेटोळं) जळालेला आठ इंची वूफर घरात पडलाच आहे ना, मग बॉक्सला अजून एक भोक पाडा, तो तिथे बसवा, झाला पॅसिव्ह रेडिएटर. मी पण पहिल्यांदा असंच केलं होतं. लावल्या लावल्या वाटलं की वा, काय बेस वाढलाय, पण दोन-तीन गाणी ऐकल्यावर लक्षात आलं की हा बेस नाहीच, ही एकाच सुरात चाललेली घुमघुम आहे, गाणं कुठलंही लावा घुमघुम तीच, आणि बेस गिटारचे खालचे सूर तर गायबच. तेव्हापासून मी या दोन वस्तू वेगळ्याच समजतो, एक जळका वूफर आणि दुसरा पॅसिव्ह रेडिएटर. पहिल्यापासून दुसरा बनवता येतो, पण बनवावा लागतो.

आधी पॅसिव्ह रेडिएटर करतो काय ते बघू. चालू वूफरचा कोन आत गेला की बॉक्समधली हवा दाबली जाते, बाहेर आला की ताणली जाते, म्हणजे ती हवा एक स्प्रिंग आहे. पॅसिव्ह रेडिएटर म्हणजे त्या स्प्रिंगवर बसवलेलं वजन. स्प्रिंग आणि वजन एकत्र आले की त्यांची एक स्वतःची फ्रिक्वेन्सी ठरते, म्हणजे सेकंदाला किती वेळा हलायचं तो हर्ट्झमधला आकडा, आणि त्या फ्रिक्वेन्सीला वजनच जोरात हलतं, वूफरचा कोन जवळपास थांबतो, आणि आवाज मुख्यतः त्या वजनदार कोनातून येतो. बेस रिफ्लेक्स, म्हणजे पाइप लावलेल्या बॉक्समध्ये हेच काम पाइपातली हवा करते. मग पाइपच का नाही लावायचा? लावा की, मोठा बॉक्स असेल तर मी पण पाइपच लावतो. पण छोट्या बॉक्समध्ये पाइप मावत नाही. 10 लिटरचा बॉक्स 40 हर्ट्झला ट्यून करायला, म्हणजे त्याची ती फ्रिक्वेन्सी 40 वर आणायला, 5 सेंटीमीटर व्यासाचा पाइप साधारण 33 सेंटीमीटर लांब लागतो, आणि एवढ्या बारीक पाइपातून जोरात वाजवलं की हवेचा फुसफुस आवाज येतो, म्हणून 7.5 सेंटीमीटरचा घ्यावा तर लांबी 77 सेंटीमीटरच्या आसपास जाते. तो कुठे बसवणार? अशा वेळी पाइपातल्या हवेऐवजी कोनावर वजन टाकायचं ही आयडिया फार जुनी आहे, आरसीए कंपनीतल्या हॅरी ओल्सन यांचं याचं पेटंट 1935 सालचं आहे, आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1974 मध्ये त्याचं पूर्ण गणित मांडलं. आजच्या ब्लूटूथ स्पीकरच्या दोन्ही टोकांना ज्या थरथरणाऱ्या चकत्या दिसतात त्या ह्याच.

आता मुख्य फरक. वूफर बनवणाऱ्याने कोन मुद्दाम हलका ठेवलेला असतो, कारण कॉइल आणि मॅग्नेटला तो ढकलायचा असतो, जड केला तर आवाज कमी निघतो. पॅसिव्ह रेडिएटरला कोणी ढकलत नाही, फक्त हवा, आणि त्याला वजनच हवं असतं. म्हणजे एकाची जी चांगली गोष्ट तीच दुसऱ्याची खोड.

आकड्यात सांगतो म्हणजे डोक्यात बसेल. समजा 20 लिटरचा बॉक्स, त्यात साडेसहा इंची चालू वूफर, आणि जळका आठ इंची असा की त्याचा हलणारा भाग 25 ग्रॅम, मोकळ्या हवेतली फ्रिक्वेन्सी 45 हर्ट्झ, आणि त्याच्या रिंग-स्पायडरची (स्पायडर म्हणजे कोनामागची कॉइलला मध्यभागी धरणारी चुण्यांची चकती) लवचिकता साधारण 32 लिटर हवेइतकी. बॉक्सची ट्यूनिंग काढायची तर 32 ला 20 ने भागा, त्यात 1 मिळवा, वर्गमूळ काढा, येतं 1.6 च्या आसपास, त्याने 45 ला गुणा. उत्तर आलं 73 हर्ट्झ. जळका वूफर तसाच लावला तर बॉक्स 73 ला घुमतो, आणि त्याच्या खाली आवाज धपकन पडतो. एवढ्यावर भागत नाही. बरोबर 45 हर्ट्झला, म्हणजे त्या जळक्या कोनाच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीला, खड्डा पडतो. कारण त्या फ्रिक्वेन्सीला तो कोन इतका सहज हलतो की हवेच्या दृष्टीने तिथे नुसतं भोकच आहे, वूफर जेवढी हवा पुढे ढकलतो तेवढीच हा मागे ओढतो, दोघं एकमेकांना खोडून काढतात. बेस गिटारची सगळ्यात जाड तार उघडी वाजवली की 41 हर्ट्झ येतात. तर माझे सूर गायब का झाले होते ते हे.

आता त्याच कोनावर 75 ग्रॅम वजन घाला. एकूण 100 ग्रॅम झालं, म्हणजे चौपट, आणि वजन चौपट झालं की फ्रिक्वेन्सी निम्मी होते, हा नियम लक्षात ठेवा, सगळीकडे उपयोगी पडतो. 45 ची झाली 22.5, बॉक्सची ट्यूनिंग 73 वरून 36 वर आली, आणि खड्डा 22.5 ला गेला जिथे गाण्यात जवळपास काही नसतंच. बॉक्स तोच, वूफर तोच, भंगारातला कोन पण तोच, फरक फक्त 75 ग्रॅमचा.

दुसरा फरक मॅग्नेटचा. वजन घातलं पण मॅग्नेट तसाच ठेवला तर चालतं का? कधी कधी चालतं. कॉइल पूर्ण तुटलेली असेल, मल्टीमीटर काहीच दाखवत नसेल, तर तिच्यात करंट वाहत नाही आणि कोनाच्या हलण्याला ब्रेक लागत नाही. पण जळलेल्या कॉइलचे वेढे बऱ्याचदा आतल्या आत एकमेकांना चिकटलेले असतात, आणि शॉर्ट झालेली कॉइल मॅग्नेटमध्ये हलली की ती स्वतःच ब्रेक बनते. बघायचंय तर एखाद्या चांगल्या वूफरच्या दोन पिना तारेने जोडा आणि कोनावर टिचकी मारा, मग तार काढून परत मारा. आधी मेल्यासारखा ठप्प आवाज, नंतर मोकळा. शिवाय जळलेली कॉइल फुगते आणि फटीत घासते, आणि जड कोन जास्त हलला की कॉइल मागच्या प्लेटवर आपटते. म्हणून माझं मत, मॅग्नेट काढाच.

काढताना मात्र घाई नको. फेराइट मॅग्नेट म्हणजे भाजलेली सिरॅमिक, हातोडीने काचेसारखी फुटते, डोळ्यांवर गॉगल पाहिजेच. आधी हीट गनने गोंद गरम करा, मग मॅग्नेट आणि पुढची प्लेट यांच्या सांध्यावर छिन्नी धरून चारी बाजूंनी हलके ठोके द्या. मागची प्लेट मधल्या लोखंडी दांड्यासकट निघून येते. पुढची प्लेट फ्रेमला ठोकलेली असते, ती राहू दे. कोनाच्या आणि पिनांच्या मधल्या वेणीच्या वायर कापून टाका, नाहीतर त्या कोनावर आपटून आवाज करतात. आणि स्पायडर अजिबात कापू नका. बरेच जण मॅग्नेटबरोबर स्पायडर पण उडवतात, मग कोन नुसत्या रिंगवर राहतो आणि सरळ मागेपुढे व्हायच्या ऐवजी डोलायला लागतो.

वजन बरोबर मध्यभागीच हवं. कॉइलची जी नळी उरते तिच्यात मागून प्लायची गोल चकती अरल्डाइटने बसवायची, चकतीच्या मधून आधीच एक 5 एमएमचा बोल्ट घालून ठेवायचा, आणि त्यावर वॉशर चढवून नट घट्ट करायचा. वॉशर किचनच्या काट्यावर मोजले की किती ग्रॅम घातले ते कळतं, आणि नंतर कमी-जास्त करता येतं. कोनाच्या एका बाजूला एम-सीलचा गोळा थापला तर परत तेच, डोलणार. अजून एक, डस्ट कॅप, म्हणजे कोनाच्या मधली गोल टोपी, कापडी असेल तर तिच्यातून हवा गळते, आधी तिच्यामागे मॅग्नेट होता, आता थेट बॉक्सची हवा आहे, तर तिला फेव्हिकॉलचे दोन पातळ हात द्या. रिंग फोमची असेल आणि बोट लावल्यावर भुगा होत असेल तर तो वूफर या कामाचा नाही, आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत फोम टिकत नाही, रबर रिंगवालाच शोधा. लग्नाच्या डीजेवाल्यांचे कापडी चुण्यांची रिंग असलेले वूफर फुकट मिळाले तरी घेऊ नका, ते फारच ताठ असतात. कारचा जुना सबवूफर मिळाला तर सोनं, रिंग मऊ आणि कोन आधीच जड.

पॅसिव्हच्या साइजचा नियम पण वूफरपेक्षा वेगळा आहे. ट्यूनिंगजवळ सगळं काम हाच करतो, म्हणून चालू वूफर जेवढी हवा हलवू शकतो त्याच्या साधारण दुप्पट याला हलवता आली पाहिजे. साडेसहा इंचीला एक साडेसहा इंची पॅसिव्ह पुरत नाही, दोन लावा किंवा आठ-दहा इंची एक. दोन असतील तर समोरासमोरच्या दोन बाजूंना लावा, एवढं वजन एकाच बाजूला हलायला लागलं की हलका बॉक्स टेबलावर सरकतो.

सगळं बसवल्यावर चेक करायला काही महाग मशीन लागत नाही. फोनमध्ये टोन जनरेटर अ‍ॅप टाका, आवाज कमी ठेवा, 80 हर्ट्झपासून हळूहळू खाली या आणि चालू वूफरच्या कोनाकडे बघत राहा. एका जागी तो जवळपास थांबेल आणि पॅसिव्ह सगळ्यात जोरात हलत असेल, तीच तुमची ट्यूनिंग. 36 हवी होती आणि 42 ला थांबला तर वॉशर वाढवा, 30 ला थांबला तर काढा. कुठेच नीट थांबत नसेल तर हवा गळतेय, पॅसिव्हचा कोन हाताने हळू आत दाबून धरा, वूफरचा कोन बाहेर येऊन थोडा वेळ तसाच राहिला पाहिजे, लगेच परत आला तर कुठून गळतंय ते शोधा. आणि ट्यूनिंगच्या बरंच खाली, म्हणजे या बॉक्सला 30 च्या खाली, मोठ्या आवाजात टोन देऊ नका, तिथे वूफरला हवेचा आधार उरत नाही आणि एका जळक्या वूफरसाठी केलेल्या मेहनतीत दुसरा खराब होईल.