औषधजन्य जलप्रदूषण आणि मासे

माणसांच्या व पाळीव जनावरांच्या उपचारांतील औषधे, शरीरात रूपांतर होऊन मलमूत्रावाटे बाहेर पडणारे त्यांचे अंश आणि औषध कारखान्यांचे सांडपाणी जलाशयांत मिसळल्यामुळे माशांच्या प्रकृतीत, प्रजननात व वर्तनात घडून येणारे बदल. सांडपाणी शुद्धीकरणाच्या प्रचलित पद्धती मुख्यतः जैविक घाण काढण्यासाठी आखलेल्या असल्याने अनेक औषधे त्यांतून पुरती निघत नाहीत. पाण्यातील त्यांचे प्रमाण सामान्यतः लिटरमागे काही नॅनोग्रॅम ते काही मायक्रोग्रॅम इतके अल्प असते. मात्र औषध पेशींवरील ज्या ग्राहींवर (औषध वा संप्रेरक जिथे जोडले जाऊन परिणाम घडवते त्या रेणूंवर) काम करते, त्यांपैकी बरेचसे सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत जवळपास सारखेच असतात. त्यामुळे मासा मरत नाही, पण त्याच्यावर एक प्रकारे औषधोपचार होत राहतो.

सांडपाण्यातील औषधांची नोंद साधारणतः १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आढळते; माशांवरील परिणामांकडे लक्ष वेधले गेले ते इंग्लंडमधील नद्यांमुळे. तेथील रोच या जातीच्या नर माशांच्या वृषणांत अंडपेशी आढळू लागल्या आणि एरवी केवळ मादीच्या यकृतात तयार होणारे व्हायटेलोजेनिन हे पीतकपूर्व (अंड्यातील बलक ज्यापासून बनतो ते) प्रथिन नरांच्या रक्तातही सापडले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ही उभयलिंगी लक्षणे अनेक नद्यांत असल्याचे दिसून आले. त्यांच्या कारणाबद्दल मात्र एकमत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांतील एथिनिलएस्ट्राडायॉल या कृत्रिम संप्रेरकावर प्रथम ठपका आला, व लोकप्रिय लिखाणात तोच अजून टिकून आहे. परंतु शुद्धीकरण केंद्रांच्या पाण्याचे पृथक्करण केल्यावर एस्ट्रोन व एस्ट्राडायॉल ही माणसाच्या शरीरातील नैसर्गिक संप्रेरकेही त्यात लक्षणीय प्रमाणात मिळाली. यॉर्कशरमधील एअर नदीत तर लोकरीच्या धुलाईतून येणारी अल्किलफिनॉल वर्गातील द्रव्ये प्रमुख कारण ठरली, आणि ती औषधे नव्हेत. पुरुष संप्रेरकांच्या कार्यास अडथळा करणाऱ्या अन्य द्रव्यांचाही यात वाटा असावा, असे मत २००९ च्या सुमारास पुढे आले. सारे दोष एका गोळीवर ढकलण्यापेक्षा या द्रव्यांचा एकत्रित परिणाम मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तथापि वजनाच्या मानाने कृत्रिम संप्रेरक माशांत नैसर्गिकांपेक्षा कित्येक पटींनी प्रभावी असल्याने त्याला गौण लेखता येत नाही.

हे कृत्रिम संप्रेरक एकटे काय करू शकते, याचा भक्कम पुरावा कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या वायव्य भागातील प्रायोगिक सरोवर क्षेत्रातून मिळाला. तेथील सरोवर क्रमांक २६० मध्ये २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे एथिनिलएस्ट्राडायॉलचे प्रमाण लिटरमागे सुमारे ५ ते ६ नॅनोग्रॅम राखण्यात आले. फॅटहेड मिनो या अल्पायुषी माशाच्या नरांत स्त्रीलक्षणे दिसू लागली, नव्या पिलांची भर पडणे थांबले आणि त्याची संख्या कोसळून जवळपास नामशेष होण्यापर्यंत आली. मात्रा बंद केल्यावर काही वर्षांनी ती सावरली.

वर्तनावरील परिणाम मोजणे अधिक अवघड आहे. २०१३ मध्ये स्वीडिश संशोधकांनी ऑक्झाझेपाम हे चिंताशामक औषध लिटरमागे १.८ मायक्रोग्रॅम असलेल्या पाण्यात पर्च मासे ठेवले. ते अधिक हालचाल करू लागले, थव्यापासून दूर राहू लागले आणि भक्ष्य वेगाने टिपू लागले. २०२५ मधील एका प्रयोगात क्लोबाझाम हे चिंताशामक औषध दिलेली सॅमनची पिले स्वीडनमधील दाल नदीतून बाल्टिक समुद्रापर्यंत अधिक संख्येने पोचली व जलविद्युत धरणेही लवकर ओलांडून गेली. याला लाभ म्हणण्याची घाई करू नये, कारण धीट झालेला मासा समुद्रात शिकाऱ्यांच्या तोंडीही सहज सापडू शकतो. फ्लुओक्सेटिन या नैराश्यरोधक औषधावरील निष्कर्ष परस्परांशी नीट जुळत नाहीत. पाणी जितके अल्कधर्मी, तितके हे औषध माशाच्या शरीरात अधिक शिरते, हे त्याचे एक कारण असू शकते.

डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे रेनबो ट्राउट माशाच्या मूत्रपिंडांत व कल्ल्यांत विकृती दिसल्याचे २००४ मध्ये नोंदले गेले. पण किती प्रमाणापासून धोका सुरू होतो, यावर मतभेद आहेत. प्रतिजैविकांबाबत माशांपेक्षा जीवाणूंतील प्रतिरोधाचा विचार अधिक झाला आहे. ओझोन व सक्रिय कोळसा यांच्या वापराने बरीच औषधे काढता येतात. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक शुद्धीकरण केंद्रांना अशी अतिरिक्त प्रक्रिया बंधनकारक केली आहे.